पाणसोयरे

सुरतेच्या लिंबायतमधल्या नंदनवन सोसायटीत लोटूआप्पाला न ओळखणारं एकच माणूस होतं, आणि तेही परवाच जन्मलेलं. बाकी सगळ्यांनी कधी ना कधी आप्पाचे पाय पाहिलेले होते. तोंड दिसायला वेळ लागे, कारण आप्पा सहसा कंबरेपर्यंत कुणाच्या तरी टाकीत असायचा. इथे प्रत्येक घराच्या ओट्याखाली पाण्याची टाकी. तिचं लोखंडी झाकण बाजूला पडलेलं आणि भोकातून दोन पाय वर आलेले दिसले की समजावं, नळवाला कामावर आहे. बोलायचं असेल तर पायांशी बोलावं. उत्तर टाकीतून घुमत यायचं, त्यामुळे 'चहात साखर कमी' एवढं वाक्यसुद्धा आकाशवाणीसारखं ऐकू येई.

वय चोपन्न. गाव अमळनेरच्या अलीकडचं. सुरतेत आला तेव्हा चारचौघांसारखा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभा राहिला, पण त्या खडखडाटात स्वतःचे विनोद स्वतःलाच ऐकू येईनात, म्हणून तीन महिन्यांत लूम सोडला आणि पाना हातात धरला. वडील वंजीबुवा गावात लग्नाघरी पाणी भरायचे. जाताना त्यांनी मुलाला एकच गोष्ट सांगितली होती: "पानीले नही म्हनू नको." लोटूने ती मनावर घेतली. आणि नळवाल्याने एखादी गोष्ट मनावर घेतली की तिला पाइप लागतो.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशी माणूस पितरांच्या नावाने घागर भरतो. आप्पाही भरी. पण एका घागरीने वंजीबुवांसारख्या पाणक्याचं समाधान होईल असं त्याला वाटेना. सोसायटीत तर अडचण डोळ्यांसमोर होती. महापालिकेचं पाणी सकाळी सहाला दीड तास, संध्याकाळी पाचला पाऊण तास. तेवढ्यात कुणाची टाकी काठोकाठ भरे, कुणाची टाच बुडेल एवढीच. आप्पाला युक्ती सुचली. दोन घरांच्या टाक्या जमिनीखालून पाइपने जोडल्या तर पाणी आपोआप समान होतं. कुणी कुणाकडे मागायला नको, कुणी कुणाला द्यायला नको.

पण कुणाची टाकी कुणाला जोडायची? पहिल्याच वर्षी यावरून दोन गल्ल्यांचं बोलणं बंद झालं. तेव्हा आप्पाने तीच अखजीची घागर पुढे ओढली, एकशे साठ घरांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहून आत टाकले आणि दोन-दोन चिठ्ठ्या काढायला लावल्या. ज्या दोन निघतील त्यांच्या टाक्या जोडायच्या. दरवर्षी सहा जोड, वंजीबुवांच्या नावाने, फुकट. जोडलेली दोन घरं त्या दिवसापासून एकमेकांचे पाणसोयरे. आमरसाचं पातेलं इकडून तिकडे, खापरावरचे मांडे तिकडून इकडे. बुद्धविहाराचं काम पाहणारे रेल्वेतले निवृत्त रामजीभाऊ आणि भजनी मंडळाच्या पुष्पाबाई चिठ्ठीने पाणसोयरे झाले, तेव्हापासून दोघांनी एकमेकांच्या लाउडस्पीकरबद्दल तक्रार करणं सोडलं. एवढा समेट पोलीस चौकीलाही जमला नव्हता.

आप्पाने स्वतःच्या घराची चिठ्ठी मात्र कधी घागरीत टाकली नाही. वाढप्याने आधी आपल्या पानात तूप ओढू नये, असं तो म्हणे, आणि म्हणताना दर वेळी मिशीवरून हात फिरवी.

अशा वीस अखज्या झाल्या. एकशेवीस जोड. सगळे एका पाठपोट वहीत लिहिलेले.

विसाव्या अखजीनंतर महिनाभराने पहिल्या गल्लीत तीन नंबरच्या घरी नवराबायकोला कावीळ झाली. चार दिवसांनी सहाव्या गल्लीत एकाला. आरोग्य केंद्रातली सुषमा नर्स घरोघर फिरू लागली. तिला कोडं पडलं होतं. रस्त्यावरच्या मोठ्या नळाचं पाणी तिने तपासून आणलं होतं, ते स्वच्छ होतं. मग पहिली गल्ली कुठे, सहावी गल्ली कुठे? एका गाडीवर खाल्लं नाही, एका लग्नाला गेले नाहीत, ओळखसुद्धा जेमतेम.

आप्पाला कोडं पडलं नाही. त्याने वहीचं एक पान उघडलं. तीन नंबर आणि सहाव्या गल्लीतलं ते घर पाणसोयरे होते. नवव्या अखजीचे.

सुषमा त्याच्या ओट्यावर पाणी प्यायला बसली तेव्हा आतून रंजना आली. आप्पाची एकुलती मुलगी, पलसाण्याला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आठवा संपत आला होता. सुषमाने तिच्याकडे पाहिलं, हातातलं पाणी न पिता भांडं खाली ठेवलं आणि आप्पाला बाजूला घेतलं.

"आप्पा, ही कावीळ तुम्हाला झाली तर पंधरा दिवस ताक-भात खाऊन उठाल. पोटुशीला झाली तर गोष्ट हाताबाहेर जाते. आई आणि बाळ, दोघांचीही. तुमच्याकडचं पाणी कुठून येतं?"

आप्पा म्हणाला की थेट नळातून येतं, आपल्या टाकीला कुणाचाच जोड नाही. हे सांगताना त्याला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली.

त्या दुपारी त्याने तीन नंबरच्या टाकीचे दोन्ही जोड गुपचूप तोडले. घरच्यांना सांगितलं, गाळ काढतो आहे. रोगाला गावाच्या वेशीवरच अडवलं, असं त्याने बायकोला, अनुसयेला, जेवताना सांगितलं आणि एक भाकरी जास्त खाल्ली. अनुसयेने ती खाली मान घालून वाढली. ती त्या दिवसांत कमीच बोलत होती. आप्पाला वाटलं, लेकीची काळजी.

पाचव्या दिवशी चौथ्या गल्लीत, अठ्ठ्याऐंशी नंबरला, आणखी दोघे पिवळे पडले. आप्पाने वही उघडली. अठ्ठ्याऐंशीचा तीन नंबरशी काही संबंध नव्हता. त्याने वही उलटी धरूनही पाहिली.

तेव्हा तो रामजीभाऊंच्या लेकीकडे, जागृतीकडे गेला. ती गणितात एम.एस्सी. करत होती. सोसायटीत तिच्या शिक्षणाबद्दल आदर मोठा आणि माहिती शून्य. हिशोब शिकायला एवढी वर्षं लागतात म्हणजे पोरगी जरा मंद असावी, असं पुष्पाबाईंचं मत होतं. जागृतीने वही चाळली, दोन पानं वाचून ती ताठ बसली.

"काका, ह्या जोड्या खरंच चिठ्ठ्यांनी काढल्या? कुणाचं मन राखायला एखादी इकडची तिकडे नाही ना केली?"

आप्पा दुखावला. पितरांच्या घागरीत हात घालून लबाडी करणारा माणूस आपण नाही, हे त्याने तिला बरंच लांबण लावून सांगितलं. तिचं लक्ष नव्हतं. साड्यांच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा घेऊन तिने त्यावर एकशे साठ ठिपके काढले आणि वहीतल्या जोड्या वर्षावार रेघांनी जोडायला लागली. एकेका गोतावळ्याला एकेक रंग.

दहाव्या वर्षापर्यंत आप्पा खुशीत होता. पुठ्ठ्यावर इथे दोन घरं, तिथे चार, पलीकडे सात, असे सुटे-सुटे झुबके. सगळ्यांत मोठा अकरा घरांचा. तेराव्या वर्षी मोठा झुबका चोवीसचा झाला. मग जागृतीचा हात भराभर चालेना, कारण प्रत्येक नवी रेघ काढली की कुठला तरी आख्खा झुबका हिरव्याचा लाल करावा लागे. सोळाव्या वर्षी चोपन्न. शेवटची रेघ ओढून तिने पेन खाली ठेवलं आणि मोजलं. त्र्याण्णव. एकशे साठांपैकी त्र्याण्णव घरं एकाच लाल जाळ्यात. बाकीची दोन-दोन, तीन-तीन, काही एकटी. दुसरा मोठा म्हणावा असा झुबका उरलाच नव्हता.

आप्पा म्हणाला की हे शक्य नाही. दरवर्षी सहाच जोड केले, कधी सातवा केला नाही. रोज चमचाभर साखर खाणारा माणूस एका रात्रीत पोतं कसा संपवेल?

जागृतीने समजावलं. जोड कमी असतात तोवर नवी चिठ्ठी दोन चिमुकल्या झुबक्यांना जोडते. दोनाचे चार, तिनाचे पाच. पण प्रत्येक घरामागे सरासरी एक जोड झाला, की ती हद्द. एकशे साठ घरांना ऐंशी जोड. कारण एका जोडाला दोन तोंडं. त्या हद्दीपर्यंत सगळा चुरा. हद्द ओलांडली की एक मोठा गोळा तयार होतो, आणि मग तोच वाढतो, कारण आंधळेपणाने काढलेली चिठ्ठी सगळ्यांत मोठ्या गोळ्यालाच लागण्याचा संभव जास्त. तिने सांगितलं की साठ-पासष्ट वर्षांपूर्वी हंगेरीतल्या दोन गणित्यांनी हे सिद्ध करून ठेवलं आहे. घरं असोत, फोन असोत, माणसं असोत, जोड आंधळे असले की हेच होतं.

"त्यांनी लिंबायत पाहिलं होतं का?" आप्पाने विचारलं.

"नाही. तुम्ही मात्र त्यांचा प्रयोग वीस वर्षं जमिनीखाली केलात."

आप्पाने मान हलवली. कागदाला पाण्यातलं काय कळतं, तो तर पाण्यात विरघळतो, असं म्हणून तो उठला. पण त्याचा पाय ओट्याच्या पायरीवर दोनदा चुकला. शेवटी ठरलं की पाण्यालाच विचारायचं. कोपऱ्यावरच्या दत्तू जिलेबीवाल्याकडून त्याने केशरी रंगाची पुडी आणली. खाण्यातलाच रंग, पोटाला अपाय नाही. जागृतीने लाल जाळ्यातल्या घरांना आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं की उद्या टाकीचं पाणी कुणी पिऊ नये आणि केशरी दिसलं तर कळवावं. जाळ्याबाहेरच्यांना सांगायचं काही कारण नव्हतं.

सकाळी सहाला नळ आले. सगळीकडच्या मोटरी घरघरू लागल्या. आप्पाने अठ्ठ्याऐंशी नंबरच्या टाकीत पुडी सोडली आणि गल्लीच्या मधोमध, कडुनिंबाखाली, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. पहिला अर्धा तास काहीच नाही. त्याच्या खांद्यावरचं ओझं जरा हललं. पावणेसातला शेजारच्या घरातून निरोप आला. तो धरलेलाच होता, वहीत होता. सातला पाचव्या गल्लीतून. सव्वासातला एकदम चार ठिकाणांहून. दुसऱ्या गल्लीतले एक गृहस्थ दाढीला बसले होते, ते अर्धी दाढी केशरी घेऊन भगव्या वेशातल्या बुवासारखे बाहेर आले आणि कुणाला हसू आलं नाही. पुष्पाबाईंनी देवाची तांब्याची घंगाळी आणून आप्पाच्या पायाशी ठेवली. आतलं पाणी जिलेबीच्या पाकासारखं होतं. जागृती पुठ्ठ्यावर खुणा करत होती आणि वर बघत नव्हती. साठ घरं. एकाहत्तर. एकोणनव्वद.

आठ वाजता रंजना दारात आली. तिच्या हातात काचेचा ग्लास होता, सरबतासाठी घेतलेला. तो अर्धा रिकामा होता.

"आप्पा," ती म्हणाली, "आपल्या पाण्याला रंग कसला आला?"

आप्पाने आयुष्यात हजार पाइप फुटताना पाहिले होते, पण असा आवाज त्याच्या आत कधी झाला नव्हता. त्याने ग्लास घेतला, उजेडात धरला. फिक्का, पण केशरी. तो ओट्यावर गेला, झाकण ओढलं आणि नेहमीसारखा कंबरेपर्यंत आत वाकला. टाकीच्या मागच्या भिंतीत, तळाशी, बोटभर पाइपचं तोंड होतं. त्याने कधी न बसवलेलं.

बाहेर आला तेव्हा अनुसया भिंतीला टेकून उभी होती. तिने मग सांगितलं, हळू, त्याच्याकडे न बघता. दोन वर्षांपूर्वी तो पंधरा दिवस गावाला गेला होता तेव्हा टाकी कोरडी पडली, मोटरही बंद. मागच्या उषाबाईंनी आपला नळवाला लावून एका दुपारी टाक्या जोडून दिल्या. उषाबाई लाल जाळ्यात होत्या.

"नळवालाना घरमा पानी नही, हाई मी कोनले सांगसू?" ती म्हणाली. "तुमनी लाज राखाले करं."

आप्पाने झाकण परत ओढलं. रागवावं तर कुणावर? एकशेवीस जोड त्याचे, एक तिचा, आणि जाळ्याला तेवढा एक पुरला होता. रंजना महिनाभर त्याच टाकीचं पाणी पीत होती. त्र्याण्णव घरांनी टाकीचं पाणी पिऊ नये म्हणून त्याने निरोप धाडले होते आणि त्याच्या स्वतःच्या घरात माठ थेट टाकीतून भरला जात होता.

सुषमा रंजनाला रिक्षात घालून केंद्रावर घेऊन गेली. रक्त घेतलं. उद्या संध्याकाळी कळेल, म्हणाली. पण तिने हेही सांगितलं की घाण कुठून शिरते ते सापडेपर्यंत रक्त तपासण्याला अर्थ नाही. लागण आज नाही तर पुढच्या आठवड्यात होईल, आणि सोसायटीत अशा आणखी चार पोटुशी आहेत.

घाण शिरते कुठून, हेच तर कळायला मार्ग नव्हता. त्र्याण्णव टाक्यांचं पाणी एक झालेलं. कुठूनही तपासा, सारखंच खराब. जागृती म्हणाली की जाळं तोडल्याशिवाय मूळ सापडणार नाही. एक-दोन जोड तोडून उपयोग नाही, पाणी दुसरीकडून वळसा घालून येतं. आप्पाने तीन नंबरला तेच केलं होतं. सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या टाकीतली जोडाची तोंडं बंद करायची, टाक्या उपसून कोरड्या करायच्या आणि बघत बसायचं. नळ बंद असताना ज्या टाकीत पाणी आपोआप चढेल, तीच. पण संध्याकाळी पाचला पुन्हा नळ येणार. त्याच्या आत.

नऊ वाजले होते. पुरुष माणसं बारा तासांच्या पाळीला लूमवर गेलेली. सोसायटीत उरल्या बायका, आणि बायकांत पुष्पाबाई. त्यांची मान हलल्याशिवाय दोन गल्ल्या हलत नसत. कडुनिंबाखाली सगळ्या जमल्या तेव्हा आप्पाने काय करायचं ते सांगितलं. बुचं शोधायची गरज नव्हती; लूमवर सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या प्रत्येकीच्या घरात पडलेल्या, एका टोकाला निमुळत्या. चिंधी गुंडाळून तोंडात ठोकली की झालं.

पुष्पाबाईंनी पदर खोचला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की पितरांच्या नावाने जोडलेली सोयरीक कांडी ठोकून मोडायची नसते. मोडणाऱ्याच्या घराला लागते. त्यांच्या मुलाचं लग्न जमलं ते पाणसोयऱ्यांच्या नात्यातच. आणि खराब पाणी म्हणाल तर उकळून पिऊ. बाकीच्या बायकांच्या माना त्यांच्या बाजूला झुकायला लागल्या. मग त्यांनी जे आप्पाला लागेल ते बोलून टाकलं.

"वीस वरीस आम्हना पोरे पीत व्हतात तवय तुले पुठ्ठा नही दिसना, लोटू. आज तुनी पोरना पोटमा गये, तर आम्हनं सोयरपन तोडस का?"

बायका आप्पाकडे वळल्या. आप्पाला उत्तर द्यायची सवय होती. या बाईला तो वीस वर्षं टाकीच्या आतून उत्तरं देत आला होता. या वेळी वर उभं राहून द्यायचं होतं.

"हो," तो म्हणाला. "तिच्या पोटात गेलं म्हणूनच मला दिसलं. आधी दिसायला हवं होतं. पण पुष्पाबाई, ज्याने जोडलं त्यालाच माहीत की कुठे तोडायचं. आज मी नाही तोडलं तर उद्या कुणाच्या घरून कुणाला उचलून न्यावं लागेल, तेही चिठ्ठीच ठरवेल."

आप्पाने उत्तराची वाट पाहिली नाही. तो उषाबाईंच्या मागच्या दाराने गेला आणि पहिली कांडी त्यांच्या टाकीत, आपल्याच घराकडे जाणाऱ्या तोंडात ठोकली. ठोकण्याचा आवाज टाकीतून घुमत सगळ्या गल्लीला ऐकू गेला. आप्पा वर आला तेव्हा कडुनिंबाखाली फक्त जागृती होती. बायका आपापल्या ओट्यांवर गेल्या होत्या. आणि पुष्पाबाई, साठीची, गुडघे धरून चालणारी बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट करून स्वतःच्या टाकीत उतरत होत्या आणि उतरताना आप्पाच्या सात पिढ्यांची चौकशी करत होत्या.

दुपारपर्यंत गल्ल्यांतून केशरी ओढे वाहत होते. ज्यांना मोटर होती त्यांनी मोटरीने, नव्हती त्यांनी बादल्यांनी उपसलं. आप्पा घरोघर धावत होता. कुठे कांडी निसटली, कुठे तोंडच सापडेना, कुठे वहीत नसलेला एखादा चोरटा जोड निघाला. असे सात निघाले. अनुसया एकटी नव्हती. दोन वाजता शेवटची टाकी कोरडी झाली. मग करायला काही उरलं नाही, आणि तो वेळ सगळ्यांत वाईट गेला. शंभराच्या आसपास झाकणं उघडी. प्रत्येक भोकाशी एक बाई, हातात बॅटरी, तळाकडे बघत.

तीन वाजले. चार वाजले. आप्पाच्या मनात आलं की कुठेच पाणी चढणार नाही, पाचला नळ येतील आणि आपण पुन्हा तिथेच असू. रंजना खाटेवर कुशीला वळून पडली होती. तिने विचारलं, सापडलं का? तो म्हणाला, सापडेल. ती म्हणाली, बाळ लाथा मारतं आहे, म्हणजे ते तरी घाबरलेलं नाही.

सव्वाचारला ओट्याओट्यावरून 'कोरडीच' अशी हाक आली, पुष्पाबाईंच्या घरातून मात्र आली नाही. म्हणूनच आप्पा तिकडे गेला. त्या आपल्या टाकीच्या काठावर बसल्या होत्या, बॅटरी आत धरून. तळाशी दोन बोटं पाणी होतं. काळसर. एका कोपऱ्यातून, पाइप जिथून भिंतीतून आत येत होता त्याच्या कडेने, ते थेंबथेंब झिरपत होतं. सोसायटीतल्या बाकी टाक्या तळाला गेल्या तरी त्यांची कधी आटत नसे. भजनाला आलेल्यांना त्या ते अभिमानाने सांगत. का आटत नव्हती ते आज दिसलं.

आप्पा आत उतरला. भिंत खरवडली. पंधराव्या अखजीला त्याने तिथे जोड बसवला होता, रामजीभाऊंच्या घराकडचा. त्या वर्षी घाई होती, म्हणून पाइप खणून खोल न नेता गटाराच्या कडेकडेने नेला होता आणि भोकाभोवती सिमेंट हाताने दाबलं होतं. त्यावरचा अंगठ्याचा ठसाही अजून होता. सिमेंटला चीर गेली होती आणि गटार भिंतीतून आत येत होतं.

तो बाहेर आला आणि पुष्पाबाईंच्या शेजारी काठावर बसला. सकाळी बोललेलं सगळं दोघांच्या मधे पडलं होतं आणि आता ते कुणाच्या बाजूचं हे सांगता आलं नसतं.

पाचला नळ आले. पुष्पाबाईंची टाकी सोडून सगळ्या टाक्या आपापल्या पाण्याने भरल्या. कुणाची निम्मी, कुणाची पाव. सुषमाने प्रत्येकीत औषध टाकलं.

दुसऱ्या संध्याकाळी रंजनाचा रिपोर्ट आला. त्यात काही नव्हतं. पण सुषमाने बजावलं की ही कावीळ महिनाभर लपून बसू शकते. तीन आठवड्यांनी पुन्हा बघायचं, तोवर रोज डोळे बघा. आप्पा रोज सकाळी लेकीला दारात उभं करून तिच्या पापण्या खाली ओढी. तो इतक्या वेळा ओढी की चौथ्या दिवशी डोळे खरंच लाल झाले. आठवडाभरात सोसायटीत आणखी तिघे आजारी पडले. सुषमाच्या मते ते आधीच्या पाण्याचे. प्रत्येक वेळी आप्पाने वही काढली, घर कुठे आहे ते पाहिलं, आणि वही बंद केली. ती बघण्याची आता गरज नव्हती, सगळे एकाच रंगाचे होते. पुष्पाबाई रोज सकाळी उकळलेल्या पाण्याची कळशी आणून रंजनाच्या उशाशी ठेवत आणि न बोलता परत जात. भजन बंद होतं. रामजीभाऊंनी विचारलं, स्पीकर बिघडला का. तर म्हणाल्या, घसा.

एकविसाव्या दिवशी पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट सुषमा स्वतः घेऊन येणार होती. पुष्पाबाई सकाळपासून आप्पाच्या ओट्याखाली उभ्या होत्या. कुणी बसायला सांगितलं तर ऐकत नव्हत्या. सुषमा आली, आत गेली. मिनिटभराने आप्पा बाहेर आला. त्याचा गळा दाटला होता, शब्द फुटेना. काही नाही, काही झालेलं नाही, एवढंच सांगायचं म्हणून त्याने नुसती मान नकारार्थी हलवली.

पुष्पाबाईंनी ती मान पाहिली आणि मटकन खाली बसून मोठ्याने रडायला सुरुवात केली. माझ्या टाकीने पोर खाल्ली, असं म्हणत त्या कपाळ बडवू लागल्या. आप्पा त्यांना सांगायला वाकला, पण त्याला अजूनही बोलता येईना, आणि बोलता येत नाही म्हणून तोही रडू लागला. त्याला रडताना पाहून पुष्पाबाईंची खात्रीच पटली. दारादारांतून बायका धावत आल्या आणि काय झालं हे न विचारता त्यांनीही डोळ्याला पदर लावले. अनुसया आतून ओरडून सांगत होती, पण त्या गलक्यात कुणाला ऐकू जातं.

शेवटी रंजना भिंतीचा आधार घेत, पोट सांभाळत उंबऱ्यापर्यंत आली. डोळ्यांवरचे पदर एकेक करून खाली आले.

"मावशी, मी जिवंत आहे आणि रिपोर्ट चांगला आहे," ती म्हणाली. "रडून झालं असेल तर कुणीतरी मला जेवायला वाढा. हे तीन आठवडे ह्या घरात सगळे माझ्या डोळ्यांतच बघत बसले आहेत, ताटात कुणी बघितलंच नाही."